घरचे इंटरनेट मंद चालते? आधी मोजा, मग प्लॅन वाढवा

पेण आणि रोहा या दोन्ही बाजारपेठांत आमचा कापडाचा माल जातो. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी दुकानांतून बसणे होते. पूर्वी चहाबरोबर भिवंडीचा भाव आणि सुरतेची उधारी एवढेच बोलणे असायचे. आता तिसरा विषय आला आहे. "शेठ, नेट फार हळू चालतंय, काय करावं?"

ही तक्रार करणारे बहुतेक जण खाली दुकान आणि वर घर असे राहणारे आहेत. संगणक घरात असतो. बिले, हिशोब, जीएसटीचे विवरण, गिऱ्हाइकाला पाठवायचे साड्यांचे फोटो, सगळे त्यावरच चालते. मासिक विवरण भरणाऱ्याला ११ तारखेला विक्रीचा तपशील आणि २० तारखेला भरणा गाठावा लागतो. तारीख चुकली की विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये (व्यवहार शून्य असेल तर २० रुपये), आणि थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज. सुरतेहून ५०,००० रुपयांवरचा माल निघायचा तर ई-वे बिल तयार झाल्याशिवाय ट्रक हलत नाही. म्हणजे नेट मंद असणे ही आता पोराटोरांच्या सिनेमाची अडचण राहिलेली नाही. हा आपल्या धंद्याचा प्रश्न आहे.

यावर लोक उपाय कोणता करतात? प्लॅन वाढवतात. ४० चा १०० करतात, १०० चा २०० करतात. बिल वाढते आणि संगणक जिथल्या तिथे. आमचा तजुर्बा असा आहे की पुष्कळ वेळा दोष रस्त्यावरच्या लाइनीत नसतो. तो घरातल्या शेवटच्या वीस-तीस फुटांत असतो, आणि तो काढायला प्लॅनच्या वाढीव पैशांपेक्षा कितीतरी कमी खर्च येतो.

आपण कापडवाले असल्याने ही गोष्ट आपल्याला लवकर समजावी. भिवंडीहून १०० मीटरचा ताका निघाला आणि आपल्या गल्ल्यावर ९२ भरला, तर आपण लगेच पुढचा ताका ११० चा मागवत नाही. कारखान्यात किती होता, ट्रान्सपोर्टवाल्याने किती उतरवला, गोदामात किती भरला, हे बघतो. जिथे आकडा बदलतो तिथे घट झालेली असते. इंटरनेटचेही असेच चार टप्पे आहेत: कंपनीपासून घरापर्यंतची लाइन, घरातली पेटी म्हणजे मोडेम किंवा राऊटर, पेटीपासून संगणकापर्यंतची वायर आणि खुद्द संगणक. प्रत्येक टप्प्यावर मोजायचे, एवढाच हा धडा आहे.

मोजण्याआधी माप समजून घ्या. कंपनी वेग विकते तो मेगाबिटमध्ये आणि संगणक फाइल उतरवताना दाखवतो तो मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होते. तेव्हा १०० चा प्लॅन घेतलेल्याला पडद्यावर सेकंदाला १२.५ मेगाबाइट दिसले, तर त्याला पूर्ण माल मिळाला. ४० च्या प्लॅनवर ५ मेगाबाइट, म्हणजे ३०० मेगाबाइटचा व्हिडिओ एका मिनिटात उतरला पाहिजे. गज आणि मीटर यांत गफलत करून जसे भांडण होते, तसे हे भांडण आहे. निम्म्या तक्रारदारांनी हा भागाकार केला तर ते घरी जाऊन शांत झोपतील.

दुसरी गोष्ट, माल येण्याचा वेग वेगळा आणि पाठवण्याचा वेग वेगळा. आपण व्यापारी फोटो पाठवतो, म्हणून प्लॅन घेताना दोन्ही आकडे विचारावेत. एम्ब्रॉयडरी मशीनचे काम करणाऱ्या कारीगरांच्या डिझाइनच्या फाइली अगदी लहान असतात, काही किलोबाइटच्या. त्यांना मोठ्या प्लॅनची गरजच नसते. त्यांना लाइन तुटू नये एवढेच हवे असते.

जुन्या वाचकांना आठवत असेल, विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या महानगरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळच्या २८.८ किलोबिटच्या मोडेमवर एक मेगाबाइटची फाइल यायला पाच मिनिटांच्या आसपास लागत. पुढे २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले गेले, २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. ही सरकारची किमान व्याख्या झाली. तुमच्या बिलावर जो आकडा छापला आहे तो तुमचा हक्काचा आकडा, तक्रार त्याच्याशी ताडून करायची.

आता मोजणी. वेग तपासणाऱ्या संकेतस्थळावरच मोजावे, पण मोजताना घरातले सगळे फोन वाय-फायवरून काढावेत, टीव्ही बंद करावा, दुकानातल्या कॅमेऱ्यांची पेटी नेटवर जोडलेली असेल तर तीही काढावी. ताका मोजताना दुसरा कोणी त्यातून कापत असेल तर मोजणी कशी होणार? मोजणी एकदा करून भागत नाही. सकाळी सातला, दुपारी आणि रात्री नऊला, असे तीन दिवस करा. आकडे बिलबुकाच्या मागच्या पानावर तारीख-वेळेसह लिहा. हे नऊ आकडे पुढे फार उपयोगी पडतात.

त्यानंतर एक आकडा असा बघायचा की जो कोणी बघत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात जाऊन इथरनेटवर क्लिक करा. तिथे 'लिंक स्पीड' अशी ओळ असते. संगणक आणि पेटी या दोघांनी आपसांत कोणत्या वेगाने बोलायचे ठरवले आहे, ते ही ओळ सांगते. १०००/१००० असेल तर ठीक. १००/१०० असेल तर मागून कितीही माल आला तरी संगणकाच्या दारातून १०० च्या आतच येणार. १० दिसले तर वायर खराब आहे असे धरूनच चालावे.

पेणच्या एका कापड दुकानदाराने २०० चा प्लॅन घेतला होता. वेग तपासला की ९४ यायचे. सकाळी ९४, रात्री ९४. लाइनवाला मुलगा आला आणि म्हणाला, "शेठ, प्लॅन जुना झाला, तीनशेचा घ्या." आम्ही म्हटले, "बेटा, आधी हा संगणक शंभराच्या वर घेतो का ते तरी बघू." लिंक स्पीड पाहिला, १००. आकडा ९४-९५ वर अडकून बसला तर समजावे की कुठेतरी १०० चे दार आहे, कारण १०० च्या दारातून पाच-सहा टक्के बांधाबांधीला जाऊन तेवढाच माल हाती लागतो. त्या घरी वायर जुनी होती, आठपैकी एक तार तुटलेली. वायर बदलली आणि त्याच प्लॅनवर १९० च्या वर आकडा गेला.

वायरीची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक आणि निष्काळजीपणा तिच्यातच आहे.

नेटच्या वायरीत आठ तारा असतात, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला. सुताला पीळ मजबुतीसाठी देतात. इथे त्याचे कारण वेगळे आहे. शेजारच्या विजेच्या तारेचा, मोटारीचा जो त्रास एका तारेवर येतो तोच दुसरीवरही येतो आणि पिळामुळे दोन्ही एकमेकांना कापून टाकतात. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणजे एका जोडीचे बोलणे दुसरीत शिरत नाही. त्यामुळे टोकाला पिन बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये. आमच्याकडे काही पोरे दोन-दोन इंच उकलून सरळ करतात, दिसायला छान दिसावे म्हणून. दिसते छान, चालते वाईट.

१०० च्या वेगाला आठपैकी चारच तारा लागतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. १००० च्या वेगाला आठही लागतात. म्हणून एखादी तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. मालकाला काही कळतच नाही.

तारांचा क्रम पाठ करून ठेवण्यासारखा आहे. पिनेची कडी खाली आणि सोनेरी पट्ट्या आपल्याकडे धरून डावीकडून: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. यात हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फाकून बसते, मध्ये निळी. नवशिके कारीगर काय करतात, तर चारही जोड्या ओळीने लावून मोकळे होतात: नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तीच चूक केली की टेस्टरचे आठही दिवे लागतात आणि कारीगर पैसे घेऊन निघून जातो. पण तिसरी आणि सहावी तार आता एका पिळातल्या राहत नाहीत, दोन वेगळ्या जोड्यांतल्या होतात. पिळाचा फायदा गेला, माल वाटेत खराब होऊन परत परत पाठवावा लागतो आणि वेग घसरतो. तेव्हा टेस्टरचे दिवे लागले यावर समाधान न मानता पिनेतून रंग डोळ्यांनी वाचावेत. पिन पारदर्शक असते, चष्मा लावला की दिसते.

आता भेसळ. सुती म्हणून पॉलिएस्टर मिसळलेला माल जसा येतो, तशी या धंद्यातही वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर भरपूर विकली जाते. स्वस्त असते. पण तिचा विजेला होणारा रोध शुद्ध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो, लांबी वाढली की वेग डळमळतो, आणि चार वेळा वाकवली की तार आतल्या आत तुटते. पेणला धरमतर खाडीची दमट, खारी हवा आहे, आणि ॲल्युमिनियमच्या जोडाला अशी हवा सोसत नाही. सूत जाळून, चोळून बघायची आपल्याला सवय आहेच. इथे ब्लेडने तार खरवडून पाहावी. आतपर्यंत लाल असेल तर तांबे, पांढरी निघाली तर भेसळ. दुकानदाराने खरवडू दिली नाही तर ती वायर घेऊच नये.

वायरीच्या अंगावर तिची जात छापलेली असते. 'कॅट ५ई' असेल तर १०० मीटरपर्यंत १००० चा वेग ती नेते, घराला एवढे पुष्कळ झाले. 'कॅट ६' घेतली तर चांगलेच. त्याहून वरच्या जातीचे नाव सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर द्यायचे कारण नाही. ई नसलेली जुनी 'कॅट ५' असेल तर मात्र बदलून टाकावी.

रोह्यात एका शिलाई कारखान्यात आम्ही गेलो होतो, शाळेचे गणवेश शिवणारा. मालकाचे ऑर्डरचे काम वरच्या खोलीतल्या संगणकावर. लिंक स्पीड पाहिला तर १०. वायर शोधत गेलो तेव्हा मधोमध गाठ मारून वर काळी टेप गुंडाळलेली सापडली. उंदराने कुरतडली होती, इलेक्ट्रिशियनने पंख्याची वायर जोडतात तशी जोडून दिली. शिवाय ती वायर मशीनच्या मोटारींच्या विजेच्या तारांना बिलगून पंचवीस फूट गेलेली. अखंड नवी वायर टाकली, विजेच्या तारेपासून हातभर दूर नेली, जिथे ओलांडायची तिथे काटकोनात ओलांडली. मधला जोड लागणारच असेल तर त्यासाठीचा तयार जोड मिळतो, तो वापरावा. पण खरे म्हणजे अखंडच टाकावी. दुकानातून बाहेरच्या भिंतीवरून घरात वायर नेली असेल तर ती बाहेर चालणारी जाड सालीची हवी. घरातली साधी वायर आपल्याकडच्या उन्हाने तडकते आणि मग जूनपासून तिच्यात पाणी शिरते. उन्हाळ्यात छान चालणारे नेट पहिल्या पावसाबरोबर मंद झाले तर ती वायर आधी तपासावी.

वायर झाली. आता पेटी. बऱ्याच पेट्यांना मागे चार छिद्रे असतात, पण चारही सारखी नसतात. काही पेट्यांत एकच छिद्र १००० चे असते आणि बाकीची १०० ची. छिद्राजवळ इंग्रजीत 'जीई' लिहिले असेल तर ते १००० चे, 'एफई' म्हणजे १०० चे. वायर या छिद्रातून त्या छिद्रात घातली एवढ्यानेच दुप्पट वेग मिळाल्याचे आम्ही पाहिले आहे, फुकटात. कंपनीच्या पेटीला आपला जुना राऊटर आणि त्याला जुना स्विच असे शेपूट लावले असेल, तर ते काढून संगणक सरळ कंपनीच्या पेटीला जोडून मोजावा. कापड दुकानात आणखी एक भानगड असते. पेटी ठेवतात कपाटात, ताग्यांच्या मागे, आणि तिच्या भोकांत कापसाचा तूस साचतो. पेटी तापते आणि तापलेली पेटी मंदावते, मध्येच बंद होऊन चालू होते. ती उघड्यावर ठेवावी आणि महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडावी. वाय-फायचा पासवर्ड शेजारच्या चार दुकानांना माहीत असेल तर तोही बदलावा. आपण वायरने जोडलेले असलो तरी मागची लाइन एकच आहे, त्यांनी नेले तेवढे आपले कमी.

लिंक स्पीड चांगला आणि वायर-पेटी ठीक, तरी संगणक रडत असेल, तर दोष संगणकातच असू शकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केले की कोण किती खातो ते क्रमाने दिसते. बहुधा विंडोजचे अपडेट किंवा फोटो आपोआप वर चढवणारा एखादा प्रोग्राम सापडतो. त्याच ठिकाणी डिस्कचा रकाना १०० टक्के असेल, तर नेटला दोष देऊ नये. जुनी फिरती हार्ड डिस्क दमली आहे, तिच्या जागी एसएसडी बसवावी. विंडोज ७ ला कंपनीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करणे मंदपणापेक्षा जास्त धोक्याचे आहे. आणि चोरीचे अकाउंटिंग सॉफ्टवेअर, चोरीचे उर्दू-मराठी फाँट कुठून कुठून उतरवून घेण्याची जी खोड आपल्याकडे आहे, तिच्याबरोबर काय काय आत येते आणि रात्रंदिवस आपल्याच लाइनीवरून कोणाकोणाला काय पाठवत असते, ते टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघाच.

एकच संकेतस्थळ हळू उघडत असेल आणि बाकीची झटकन, तर आपले काही बिघडलेले नाही. २० तारखेच्या संध्याकाळी जीएसटीच्या दारात अख्ख्या देशाची गर्दी असते. तिथे २०० चा प्लॅनही रांगेतच उभा राहतो. विवरण १५-१६ तारखेला भरून टाकावे.

राहिली बाहेरची लाइन. ती तपासायला काळी खिडकी लागते. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप केले की ती उघडते. तिच्यात इंग्रजी अक्षरांत 'पिंग', मग एक जागा सोडून पेटीचा पत्ता टाकावा. पत्ता पेटीच्या पोटाखाली चिकटवलेला असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा. वायरने जोडलेल्या संगणकाला पेटीचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास आले पाहिजे. तिथेच उत्तरे गळत असतील तर दोष घरात आहे, कंपनीला फोन करू नये. ते ठीक असेल तर मग गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला, म्हणजे ८.८.८.८ ला तसेच विचारावे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई शंभर किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन एकच मिलिसेकंद लागतो. वाटेतली यंत्रे धरून दहा-वीस झाले तरी हरकत नाही. पण घरातले सगळे बंद असताना दीडशे-दोनशे येत असतील किंवा दहातली दोन उत्तरे येतच नसतील, तर दोष बाहेर आहे.

इथे ते नऊ आकडे काढा. सकाळी सातला पूर्ण वेग आणि रात्री नऊला पाव, असे रोज दिसत असेल तर कंपनीचा रस्ता अरुंद आहे. फायबरची एकच मूळ तार ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, आणि त्या सगळ्यांत मिळून साधारण २.५ गिगाबिट असतात. त्यापुढच्या वाटेत कंपनीने कंजूषी केली असेल तर संध्याकाळी सगळेच घरी आल्यावर ओढाताण होणार. प्लॅन वाढवून हे सुधारत नाही. महिन्याच्या सुरुवातीला चांगला आणि नंतर मंद असे असेल तर बिल वाचावे, ठरावीक डेटा संपल्यावर वेग उतरवण्याची अट त्यात असते.

दिवसभर सारखाच मंद असेल तर घरात आलेली फायबर पाहा. ती केसाएवढी काच आहे. खिळ्याला वेढा घालून, दारात चेपून आणली असेल तर प्रकाश वळणावर सांडतो. तीन सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण तिला देऊ नये. पेटीवर लाल दिवा पेटला म्हणजे प्रकाश येतच नाही. लाल दिवा नसूनही प्रकाश अपुरा असू शकतो. लाइनवाल्याकडे मोजायचे यंत्र असते. घरच्या पेटीला उणे ८ ते उणे २७ यांमधला आकडा लागतो. उणे २७ च्या खाली गेला तर काम नीट होणार नाही, आणि दर ३ अंकांना प्रकाश निम्मा होतो हे ध्यानात ठेवावे. मुलगा घरी आला की त्याला आकडा विचारून लिहून घ्यावा. यंत्र आणले नसेल तर घेऊन परत यायला सांगावे.

आपल्या भागाची अडचण मान्य केली पाहिजे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण पळस्पे ते इंदापूर या पट्ट्यात २०११ पासून रखडत चालले, आणि पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड हा सगळा त्याच पट्ट्यात येतो. जेसीबीचा दात जमिनीत गेला की केबल तुटते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात विजेचे आणि टेलिफोनचे खांब आडवे केले होते. अशा वेळी एकट्या घरात बसून वायर तपासत राहू नये, शेजारच्या दोन दुकानांत विचारावे. सगळ्यांचेच गेले असेल तर वाट पाहणे आले. म्हणून विवरणाच्या दिवसांत मोबाइलवरून नेट घेण्याची सोय तयार ठेवावी.

दोष बाहेरचा आहे असे ठरल्यावर तक्रार करायची, पण तोंडी नाही. केबलवाल्याच्या पोराला "बघ रे जरा" म्हणणे ही तक्रार होत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून क्रमांक घ्यावा. आमच्या एका लाइनीची तक्रार तीन आठवडे फोनवरच फिरत होती. नऊ मोजण्या, लिंक स्पीडचा फोटो आणि पिंगचा फोटो जोडून लेखी दिल्यावर दोन दिवसांत माणूस यंत्र घेऊन आला. घरातले सगळे तपासून झाले आहे हे कागदावर दिसले की "प्लॅन वाढवा" हे उत्तर त्यांना देता येत नाही.

तेवढ्यानेही काम झाले नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला अपील ऐकणारा अधिकारी ठेवावा लागतो, त्याच्याकडे त्याच क्रमांकाच्या आधारे अपील करावे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, तिकडे पत्रे पाठवून टपाल वाया घालवू नये. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आपल्यासाठी अलिबागला. टेलिफोन-इंटरनेटची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असे कंपन्यांचे वकील सांगत. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ती चालते असा निकाल दिला आहे. एक अडचण मात्र येऊ शकते. २०१९ च्या ग्राहक कायद्यात धंद्याच्या नफ्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक धरत नाहीत. पण स्वतःच्या मेहनतीवर, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा त्या अपवादातून वाचू शकते, आणि शिंपी, जरीवाले, छोटे दुकानदार यांनी आपण असे आहोत हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहावे. बिल कोणाच्या नावावर आहे तेही आताच बघून ठेवा. पुष्कळ घरांत जोडणी भाडेकरूच्या, परदेशी गेलेल्या भावाच्या किंवा केबलवाल्याच्याच नावावर निघते, आणि मग तक्रार करणारा कोण, इथूनच प्रश्न सुरू होतो. नाव बदलून घ्यायला कंपनीकडे एक अर्ज आणि ओळखीचा कागद लागतो.